लेबलवरची चांदणी आणि गोठ्यातली सुई

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून वा नाशिकहून आई सहा महिन्यांकरिता गेलेली असते. शनिवारी सामान आणायला सगळे मिळून निघतात. दुकानातील दुग्धपदार्थांचा विभाग एखाद्या मंगल कार्यालयाएवढा लांब. दूध, दही, लोणी, चीज यांच्या असंख्य प्रकारांनी भरलेला. आई सवयीने चष्मा लावून चीजचे पाकीट उलटे करते, कारण त्यात वासराच्या जठरातील रेनेट असू शकते हे तिने वाचलेले असते. तिची नजर मात्र वेगळ्याच एका वाक्यावर थांबते. आमच्या शेतकऱ्यांनी गाईंना कृत्रिम वाढ-संप्रेरक टोचलेले नाही, अशा आशयाचे ते वाक्य. त्याच्या शेवटी एक चांदणी. त्या चांदणीचा माग काढत पाकिटाच्या तळाशी गेले की बारीक अक्षरांत दुसरे वाक्य भेटते: असे संप्रेरक टोचलेल्या आणि न टोचलेल्या गाईंच्या दुधात कोणताही लक्षणीय फरक आढळलेला नाही.

पहिले वाक्य ग्राहकाला एक गोष्ट आवर्जून सांगते आणि दुसरे वाक्य तिला काही अर्थ नसल्याचे बजावते. एकाच वेष्टनावर अशी परस्परांना खोडणारी दोन वाक्ये छापण्याची वेळ का आली, हा प्रश्न वरवर पाहता अमेरिकेतील गृहिणींचा आहे. वस्तुतः तो मुंबई-ठाण्यातील तबेल्यापर्यंत आणि भारताच्या व्यापारी धोरणापर्यंत येऊन पोहोचतो.

गाईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून सोमॅटोट्रॉपिन नावाचे संप्रेरक स्रवते. वाढीप्रमाणेच दुधाच्या निर्मितीशीही त्याचा संबंध आहे. हे संप्रेरक प्रत्येक गाईत असतेच. म्हणून ‘संप्रेरकरहित दूध’ असा शब्दप्रयोग करणारा विक्रेता अज्ञानी तरी असतो किंवा लबाड तरी. वाद आहे तो बाहेरून टोचलेल्या संप्रेरकाचा. जनुकीय अभियांत्रिकीच्या साहाय्याने गाईचे हे जनुक जिवाणूत घालून, त्या जिवाणूकडून कारखान्यात संप्रेरक तयार करून घेण्याची युक्ती १९८० च्या दशकात साधली. मोन्सँटो कंपनीच्या ‘पोसिलॅक’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९३ मध्ये मान्यता दिली आणि फेब्रुवारी १९९४ पासून ते विकले जाऊ लागले. गाय व्याल्यानंतर सुमारे नवव्या आठवड्यापासून दर चौदा दिवसांनी एक इंजेक्शन, असा त्याचा क्रम. वेताच्या मध्यावर दूध हळूहळू कमी होत जाते, तो उतार हे औषध लांबवते. दुधात दहा ते पंधरा टक्के वाढ होते, हा कंपनीचा दावा पोकळ नव्हता. दूध खरोखरच वाढत होते.

पण ते वाढवण्याची निकड कोणाला होती? येथे थोडे मागे गेले पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेपुढे दुधाच्या टंचाईचे नव्हे, अतिरिक्त दुधाचे संकट होते. सरकार हमीभावाने लोणी, चीज आणि दूध भुकटी विकत घेऊन गोदामे भरत होते. अखेर १९८५ च्या कृषी कायद्यान्वये एक योजना आली. शेतकऱ्याने आपला संपूर्ण कळप कत्तलीसाठी वा निर्यातीसाठी द्यावा, पाच वर्षे दुधाच्या धंद्यात उतरू नये आणि त्याबदल्यात सरकारकडून पैसे घ्यावेत. १९८६-८७ मध्ये या योजनेखाली कालवडी आणि वासरांसह सुमारे १५ लाख जनावरे हटवली गेली. दूध फार झाले म्हणून गाई मारायच्या आणि पुढच्या सात-आठ वर्षांत उरलेल्या गाईंना दूध वाढवण्याची सुई टोचायची! या दोन घटना एकापुढे एक ठेवल्या की, गाय ही त्या अर्थव्यवस्थेत काय आहे हे कळायला निराळ्या भाष्याची गरज राहत नाही. ते एक यंत्र आहे. नको असेल तेव्हा मोडीत काढायचे आणि हवे असेल तेव्हा वेग वाढवायचा.

या औषधाची खरी परीक्षा अमेरिकेत नव्हे, शेजारच्या कॅनडात झाली. तेथील आरोग्य विभागात औषधांची छाननी करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये शिव चोप्रा हे भारतात जन्मलेले पशुवैद्यक-शास्त्रज्ञ होते. कंपनीने दिलेल्या माहितीत त्रुटी असल्याचे त्यांनी आणि मार्गारेट हेडन, जेरार्ड लॅम्बर्ट आदी सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मान्यता द्यावी म्हणून वरून दबाव येत असल्याचे या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कॅनडाच्या सिनेट समितीपुढे सांगितले. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने या औषधाला मान्यता नाकारली. नकाराचे कारण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. माणसाच्या आरोग्यास धोका सिद्ध झाला, असे कॅनडाने म्हटले नाही. गाईला होणारा त्रास हेच कारण दिले गेले. पशुवैद्यकांच्या समितीच्या निष्कर्षानुसार इंजेक्शन घेणाऱ्या गाईंमध्ये कासदाहाचा धोका २५ टक्क्यांपर्यंत आणि लंगडेपणाचा धोका ५० टक्क्यांपर्यंत वाढत होता. गाभण राहण्यातही अडथळे येत होते. युरोपीय संघानेही मुख्यतः पशुकल्याणाच्याच कारणावरून १ जानेवारी २००० पासून या संप्रेरकावर कायमची बंदी घातली. चोप्रा, हेडन आणि लॅम्बर्ट या तिघांना २००४ मध्ये नोकरीतून काढून टाकण्यात आले. शासनाने कारण शिस्तभंगाचे दिले. चोप्रा २०१८ मध्ये निवर्तले. कॅनडातील गाईच्या अंगावर ही सुई उठली नाही, यात या गृहस्थांचा वाटा मोठा आहे. त्यांचे नाव भारतात किती जणांना ठाऊक आहे?

अमेरिकेच्या प्रशासनाची भूमिका मात्र वेगळी होती. अंतिम पदार्थात, म्हणजे बाटलीतील दुधात, फरक आढळत नसेल तर ते दूध कसे निघाले हा प्रश्न गौण आहे, असा तिचा मथितार्थ. फेब्रुवारी १९९४ च्या मार्गदर्शक सूचनेत, संप्रेरक न वापरल्याचा उल्लेख करणाऱ्या उत्पादकाने सोबत फरक नसल्याचेही सांगावे, असे सुचवण्यात आले. चांदणीचा उगम तेथे आहे. व्हर्माँट या छोट्या, गोपालनासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्याने उलट दिशेने जाऊन पाहिले. ज्या दुधात हे औषध वापरले आहे त्यावर तसे नमूद करणे त्याने सक्तीचे केले. दुग्धव्यावसायिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयाने व्हर्माँटच्या विरोधात कौल दिला. केवळ ग्राहकांचे कुतूहल हे अशी सक्ती करण्यास पुरेसे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. आईने आपल्या लेकराच्या पेल्यातील दूध कोणत्या गाईचे, कसे काढलेले, हे विचारणे म्हणजे कुतूहल!

सक्ती संपली, तरी स्वेच्छेने सांगण्याचा मार्ग उरला होता. त्याही मार्गावर काटे पेरले गेले. मेन राज्यातील ओकहर्स्ट ही एक कौटुंबिक डेअरी. तिच्या दूधपुरवठादार शेतकऱ्यांनी कृत्रिम संप्रेरक न वापरण्याची प्रतिज्ञा केली होती आणि ती प्रतिज्ञा डेअरी आपल्या बाटल्यांवर छापत असे. जुलै २००३ मध्ये मोन्सँटोने या डेअरीवर दावा ठोकला. बाटलीवरील मजकुरामुळे आपल्या औषधाविषयी लोकांचा गैरसमज होतो, अशी कंपनीची तक्रार होती. वर्षाअखेरीस तडजोड झाली. प्रतिज्ञा राहिली, पण तिच्याजवळ प्रशासनाचे ‘फरक नाही’ हे वाक्य आले. २००७ च्या शरदात पेनसिल्व्हेनियाच्या कृषी खात्याने तर असे उल्लेख छापण्यासच मनाई करण्याचा आदेश काढला. लोकांचा एवढा रोष उसळला की जानेवारी २००८ मध्ये गव्हर्नरांना तो फिरवावा लागला. ओहायो राज्याने लादलेल्या निर्बंधांचा निवाडा ३० सप्टेंबर २०१० रोजी झाला. तेथे अपील न्यायालयाने म्हटले की, दोन प्रकारच्या दुधांत काहीच फरक नाही हे गृहीत धरता येत नाही. इंजेक्शन घेतलेल्या गाईंच्या दुधात आयजीएफ-१ या घटकाचे वाढलेले प्रमाण, वेतातील काही काळ घटणारी पोषणमूल्ये आणि कायिक पेशींची वाढलेली संख्या, या बाबींची न्यायालयाने नोंद घेतली. कासेला सूज असली की दुधात कायिक पेशी वाढतात. म्हणजे कॅनडातील पशुवैद्यकांनी गोठ्यात पाहिलेले दुखणे अखेर बाटलीतही दिसले.

पण सरकार आणि न्यायालये हा घोळ घालीत असताना खरा निकाल बाजारात लागत होता. ओरेगॉनमधील टिलामूक ही शंभर वर्षांची परंपरा असलेली, शेतकऱ्यांच्या मालकीची चीज उत्पादक सहकारी संस्था. २००५ मध्ये तिच्या सभासदांनी मतदान करून हे संप्रेरक न वापरण्याचा निर्णय बहुमताने कायम केला. कोणत्याही कायद्याने त्यांना तसे करण्यास भाग पाडले नव्हते. ग्राहकांची पत्रे येत होती आणि संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये ही काळजी होती. २००८ मध्ये स्टारबक्सने आपल्या दुकानांतून आणि वॉलमार्टने आपल्या स्वतःच्या नाममुद्रेच्या दुधातून या संप्रेरकाला निरोप दिला. पुढच्या वर्षी योप्ले आणि डॅनन या दह्याच्या मोठ्या उत्पादकांनी तेच केले. ऑगस्ट २००८ मध्ये मोन्सँटोने हा सगळा व्यवसाय इलाय लिली कंपनीच्या एलॅन्को विभागाला ३० कोटी डॉलरना विकून टाकला. औषधाची परवानगी अमेरिकेत आजही रद्द झालेली नाही. तरीही २००७ सालीच तेथील साधारण १७ टक्के गाईंना ते दिले जात होते, आणि त्यानंतर वापर आणखी आक्रसत गेला. बंदीविना एक औषध बाजारातून मागे हटले, याचे श्रेय पाकीट उलटे करून वाचणाऱ्या गृहिणींचे आहे.

आता त्या शनिवारच्या खरेदीकडे पुन्हा वळावे, कारण परदेशी राहणाऱ्या कुटुंबांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची ‘ऑरगॅनिक’ मुद्रा असलेल्या दुधात, लोण्यात वा चीजमध्ये वाढ-संप्रेरकाला नियमानेच मज्जाव आहे. ही राष्ट्रीय मानके ऑक्टोबर २००२ पासून लागू आहेत. मात्र किंमत बरीच जास्त पडते. मुद्रा नसलेल्या पदार्थावर आरबीएसटी न वापरल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे; चांदणीखालच्या ओळीने बिचकण्याचे कारण नाही. हे औषध केवळ दुभत्या गाईंसाठी मान्य झालेले असल्याने शेळीच्या वा मेंढीच्या दुधाच्या चीजला हा प्रश्न लागू होत नाही. घरी तूप कढवण्यासाठी लोणी आणले जाते, त्याच्या वेष्टनाकडे बहुधा कोणी पाहत नाही, तेही पाहावे. श्रीखंडासाठी चक्क्याऐवजी घट्ट ग्रीक दही वापरण्याची पद्धत तेथील मराठी घरांत रूढ झाली आहे, आणि या दह्याच्या अनेक उत्पादकांनी संप्रेरक नाकारलेले आहे. बाहेरच्या पिझ्झ्यावरील चीज आणि बिस्किटांतील दूध भुकटी यांच्याविषयी मात्र वेष्टन काहीच सांगत नाही.

युरोपातून आलेले चीज घेतले की संप्रेरकाची चिंता मिटते, हे खरे. पण तेथे दुसरा खड्डा आहे. इटलीचे पार्मिजानो-रेज्जानो हे नामांकित चीज त्याच्या विहित पद्धतीनुसार वासराच्या रेनेटनेच विरजले जाते. ग्राना पदानोचेही तसेच. ज्याच्या गाईला सुई टोचलेली नाही असे चीज शोधत गेलेला शाकाहारी माणूस वासराच्या जठरापाशी जाऊन पोहोचतो! उलट अमेरिकेतील बहुतेक चीजमध्ये १९९० पासून मान्यता असलेले, सूक्ष्मजीवांकडून तयार करवून घेतलेले कायमोसिन वापरतात. त्यात वासरू मरत नाही, पण तेही जनुकीय अभियांत्रिकीचेच अपत्य. आधुनिक तंत्र म्हटले की सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. एकाच तंत्राने एका सुईला जन्म दिला आणि त्याच तंत्राने कित्येक वासरे वाचवली.

या विषयावर भारतात जे काही लिहिले-बोलले जाते त्यात भीतीचा सूर फार असतो. दुधातून कर्करोग होतो, मुली अकाली वयात येतात, अशी विधाने बिनदिक्कत केली जातात. गाईचे सोमॅटोट्रॉपिन हे प्रथिन आहे. ते पोटात पचते, आणि माणसाच्या शरीरात ते कार्यही करत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये ग्राहकाच्या आरोग्यास धोका नसल्याचा निष्कर्ष काढला. आयजीएफ-१ विषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले, तथापि दूध पिणाऱ्याला अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. गाईची बाजू मांडण्यासाठी अर्धसत्याचा आधार घेण्याची आवश्यकता नाही. तिची सुजलेली कास हा पुरेसा पुरावा आहे.

भारत आणि अमेरिका यांच्यातील व्यापार वाटाघाटींत दुग्धपदार्थ हा वर्षानुवर्षांचा अडथळा आहे. ज्या जनावरांचे दूध वापरले त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे रक्त, मांस वा अवयव मिसळलेले खाद्य कधीही दिलेले नाही, असे प्रमाणपत्र भारत २००३ पासून मागतो. अमेरिकी दुग्धव्यावसायिकांना ही अट जाचक वाटते. त्यांच्या अर्जावरून चौकशी सुरू झाली आणि ५ जून २०१९ पासून अमेरिकेने भारताला मिळणारी आयात-शुल्कातील सवलत काढून घेतली. त्यामागे हे एक कारण होते. भारताने अट सोडली नाही. हा श्रद्धेचा आणि संस्कृतीचा प्रश्न असून त्यावर सौदा होणार नाही, असे सरकारने सांगितले. ती भूमिका योग्यच होती. पण तिच्यातील तत्त्व नीट पारखून घेतले पाहिजे. मांसमिश्रित खाद्य खाल्लेल्या गाईच्या दुधात प्रयोगशाळेला मांस सापडणार नाही. दुधात फरक नाही, असे अमेरिकी निर्यातदार म्हणतो. भारताचे उत्तर असे की, दुधात काय सापडते एवढाच आमचा प्रश्न नाही; गाईला काय खायला घातले, तिला कसे वागवले, हेही आम्हाला महत्त्वाचे आहे. म्हणजे चांदणीखालची ओळ भारताने बंदरावरच नाकारली आहे.

मग तीच ओळ स्वतःच्या गोठ्यात कशी चालते?

भारतीय गोठ्यातील नेहमीची सुई वेगळ्या संप्रेरकाची आहे. तिचे नाव ऑक्सिटोसिन. ते दूध वाढवत नाही. कासेत उतरलेले दूध सोडायला लावते. निसर्गात हे काम वासरू करते. वासराने सडाला तोंड लावले, ढुशी दिली की गाईच्या मेंदूतून हेच संप्रेरक स्रवते आणि तिला पान्हा फुटतो. मराठीत ‘पान्हा चोरणे’ असा शब्दप्रयोग आहे. वासरू दिसेपर्यंत गाय-म्हैस दूध अडवून धरते, हे जाणणाऱ्या लोकांची ही भाषा. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते समोर ठेवण्याची जुनी पद्धत होती. तबेल्यात वासराची जागा सुईने घेतली, कारण शहरातल्या तबेल्यात रेडकू हा तोट्याचा जीव. ते जगवायचे तर त्याच्या वाट्याचे दूध विकता येत नाही. नर असेल तर पुढेही उपयोग नाही. त्याला उपाशी ठेवले की ते थोड्याच दिवसांत मरते, आणि मग म्हैस आटू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. लेबल नसलेल्या बाटल्यांतून, एकाच सुईने, रांगेतल्या सगळ्या जनावरांना. सततच्या इंजेक्शनाने जनावर इतके सरावते की त्याविना पान्हाच सोडत नाही. येथेही प्रयोगशाळेचे उत्तर चांदणीखालच्या ओळीसारखेच आहे. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, पोटात पचून जाते. दूध पिणाऱ्याला त्याचा धोका सिद्ध झालेला नाही. वासरू मात्र मेलेले असते.

असे प्रकार नवे नाहीत. कोलकात्यातील गवळी दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी गाईवर ‘फुंका’ हा क्रूर प्रकार करीत. त्याच्या माहितीने गांधीजींचे मन दुधावरून उडाले. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले आणि पुढे आजारपणात शेळीच्या दुधावर तडजोड केली, ती मनाला लागूनच राहिली. स्वतंत्र भारताने १९६० च्या प्राण्यांच्या क्रूर वागणुकीस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या बाराव्या कलमात फुंक्याचा नावानिशी उल्लेख केला, आणि दूध वाढवण्यासाठी जनावरास अपायकारक ठरणारे इंजेक्शनही गुन्हा ठरवले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय जनावर सरकारजमा. कायदा आहे. तो तबेल्यात दिसतो किती?

कायद्याचा अभाव नव्हे, तर त्याची अंमलबजावणी ही अडचण असताना सरकारने २०१८ मध्ये भलताच उपाय योजला. ऑक्सिटोसिनचे खाजगी उत्पादन थांबवून ते एका सरकारी कंपनीपुरते ठेवण्याचा आदेश निघाला. हेतू गाई-म्हशींच्या रक्षणाचा होता. पण हेच औषध प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून मातांचे प्राण वाचवते. खेड्यातील छोट्या रुग्णालयात त्याची टंचाई झाली तर काय, याचा विचार आदेशात पुरेसा नव्हता. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एका आईला वाचवण्यासाठी दुसरीला संकटात टाकणारा उपाय टिकणे शक्यच नव्हते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा आहे. त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षे परिश्रम घेतले. गोरक्षणाचा विचार कसायाच्या दारापाशी येऊन थांबला तर मात्र त्या परिश्रमांचे निम्मे फळ वाया जाते. म्हशीला तर त्या कायद्याचे पूर्ण संरक्षणही नाही, आणि मुंबईच्या चहात पडणारे दूध बहुतांशी तिचेच. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते. सवत्स, म्हणजे वासरासह. त्याच संध्याकाळी घरी येणारे दूध कोणत्या तबेल्यातले, तेथे किती रेडके जिवंत आहेत, हे पूजा करणाऱ्या घरांपैकी कितींना माहीत असते?

तबेलेवाल्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. चारा-पेंडीचे भाव, शहरातील जागा, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन आणलेल्या म्हशी, या सगळ्यांत रेडकाला दूध पाजणे त्याला परवडत नाही. ग्राहक लिटरमागे दोन रुपयांसाठी रतीब बदलतो तेव्हा त्या हिशेबात तोही सामील असतो. ओकहर्स्टच्या शेतकऱ्यांनी प्रतिज्ञा केली ती डेअरीने अधिक दर दिला म्हणून. टिलामूकचे सभासद टिकले ते ग्राहकांनी संस्थेचे चीज सोडले नाही म्हणून. दूध उत्पादनात भारत १९९८ पासून जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये २३ कोटी ९० लाख टनांहून अधिक दूध येथे निघाले, आणि त्यातला मोठा भाग दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या घरांतून येतो. अशा घरात वासरू बहुधा गोठ्यातच असते. म्हणजे सुईविना काढलेले दूध भारतात दुर्मीळ नाही. ते ओळखण्याची आणि त्याला चार पैसे जास्त देण्याची सोय नाही. गावच्या संकलन केंद्रावर दुधातील फॅट आणि एसएनएफ मोजून दर ठरतो. वासरू पाजले जाते की नाही, धार सुई न टोचता निघते की नाही, याची नोंद घेऊन अशा सभासदांचे दूध वेगळे विकणे एखाद्या तालुका संघालाही अशक्य नाही. पडताळणीला प्रयोगशाळा लागत नाही. धारेच्या वेळी न सांगता गोठ्यात गेले की पुरते.

शहरातील कुटुंबाला तेही अवघड नाही. ज्याच्याकडून रतीब आहे त्याला, दुपारची धार बघायला मुलांना घेऊन येऊ का, असे विचारावे. जो लगेच ‘या’ म्हणतो त्याच्याकडे गेल्यावर आधी रेडके कोठे बांधली आहेत ते पाहावे, त्यांच्या बरगड्या दिसतात का ते पाहावे, आणि धार काढणाऱ्याच्या हातात आधी काय असते ते पाहावे. जो टाळाटाळ करतो त्याचा रतीब त्या महिन्याच्या अखेरीस बंद करावा, आणि का बंद केला ते त्याला तोंडावर सांगावे.